१५० चे १९० करायला निघालो: एका फॅक्टरी टर्बोच्या कामाची वही

गाडी: चार सिलिंडर, १.४ लिटर, डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल, टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) कंपनीतूनच आलेला. सहा गिअर, हाताने टाकायचे. कागदावर १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. ६२,००० किमी झालेले, वॉरंटी संपलेली. वॉरंटी चालू असती तर बॉनेटला हातही लावला नसता, हे आधीच सांगून ठेवतो.

बेत: एकही पार्ट न बदलता, नुसत्या बूस्टच्या (टर्बोने दिलेल्या जादा प्रेशरच्या) आणि सॉफ्टवेअरच्या जोरावर १९० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर. अंदाज पाच शनिवारांचा. लागले पाच महिने.

सुरुवात केली तेव्हाची माझी समजूतही लिहितो, कारण पुढे तिचंच काय झालं ते महत्त्वाचं आहे. मला खात्री होती की इंजिनात भरपूर ताकद पडून आहे आणि महागडं मॉडेल खपावं म्हणून कंपनीने ती कुलूप लावून ठेवली आहे.

४ ऑगस्ट

आधी गाडी आहे तशी मोजायची. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून आकडे वाचणारं यंत्र) आणि लॅपटॉप घेऊन परवानगी काढलेल्या बंद रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ८० ते १२० असे आठ फेरे मारले. घरी येऊन ग्राफ उघडला तर दातेरी करवत. हौसेने चौदा चॅनल एकदम लावले होते, त्यामुळे प्रत्येक आकडा सेकंदाला जेमतेम दोनदा नोंदला जात होता. अख्खा दिवस वाया.

५ ऑगस्ट

चॅनल सहावर आणले: आरपीएम, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) प्रेशर, आत येणाऱ्या हवेचं तापमान, नॉकमुळे (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी, दणक्याने पेटण्यामुळे) मागे ओढलेलं इग्निशन, फ्युएल रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर आणि वेस्टगेट, म्हणजे टर्बोला वळसा देणारं दार, किती उघडा आहे ते. आता ग्राफ वाचता येतो. ८० ते १२० ची सरासरी ७.२ सेकंद. हाच आपला पाया.

दोन गोष्टी लगेच दिसल्या. १५०० ते ३५०० आरपीएमपर्यंत टॉर्क पट्टीने रेघ ओढल्यासारखा सपाट आहे. कुठलंही इंजिन आपणहून असं वागत नाही, त्याला टेकडी असते. ती टेकडी सॉफ्टवेअरने वरून कापलेली आहे. दुसरं म्हणजे २५०० आरपीएमला, पूर्ण पाय दाबलेला असताना वेस्टगेट बराच उघडा. म्हणजे एक्झॉस्टचा बराचसा जोर टर्बोला वळसा घालून सायलेन्सरकडे जातोय. मॅनिफोल्डमध्ये २.० बार अब्सोल्यूट (बाहेरच्या हवेचं प्रेशर धरून), आणि टर्बो अजून देऊ शकतो.

वहीत त्या दिवशी मोठ्या अक्षरात लिहिलंय: "जागा आहे!" उद्गारचिन्हासकट.

११ ऑगस्ट

पहिली खरेदी, पहिला गाढवपणा. बूस्ट टॅप मागवला होता. वेस्टगेटच्या प्रेशर नळीत बसवायचा छोटा पितळी नळ, थोडी हवा बाहेर सोडतो, वेस्टगेट उशिरा उघडतो, बूस्ट वाढतो. गाडीखाली शिरलो, नळी शोधली. सापडेना. अर्धा तास टॉर्च मारल्यावर कळलं की या टर्बोच्या वेस्टगेटला नळीच नाही. इलेक्ट्रिक मोटर आहे, तिला हुकूम थेट ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरचा. नळ ड्रॉवरमध्ये गेला. तुम्ही आधी अ‍ॅक्च्युएटरला वायरचा कनेक्टर आहे की रबराची नळी, एवढं बघा आणि मग खिशात हात घाला.

या नळाची ख्याती आली कुठून? १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांनी आपापसांत ठरवलं होतं की कागदावर २८० पीएसच्या वर जायचं नाही. निसानची आर३२ स्कायलाइन जीटी-आर त्याच काळातली. तिच्या बूस्टच्या नळीत एक बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवलेला असे. तो काढून टाकला की बूस्ट आपोआप वर. तिथे कुलूप खरोखरच कागदी होतं, आणि आमच्यासारख्यांच्या डोक्यात बसलेली 'कंपनीने दाबून ठेवलंय' ही कथा बरीचशी तिथलीच. पण त्याच गाडीच्या मूळ टर्बोंमध्ये टर्बाइनचं चाक सिरॅमिकचं होतं. हलकं, म्हणून पटकन फिरणारं. बूस्ट फार चढवला की ते चाक फुटायचं. कथा सांगताना हा उत्तरार्ध कोणी सांगत नाही.

१८ ते २० ऑगस्ट

ट्यूनिंग बॉक्स बसवला. हा प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि खरं प्रेशर थोडं कमी करून सांगतो. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, तो वाढवतो.

पहिल्या दिवशी एकच सेन्सर जोडला. या गाडीत दोन आहेत: एक थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा अडवणाऱ्या झडपेच्या) आधी, एक नंतर. पूर्ण थ्रॉटलला दोघांचे आकडे जवळपास सारखेच यायला हवेत आणि ईसीयू ते ताडून बघतो. दुसऱ्या किलोमीटरलाच चेक इंजिनचा दिवा, एरर कोड पी ०२३६, लिंप मोड (गाडी स्वतःला वाचवायला ताकद कापते तो). ट्रकच्या मागून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही सेन्सर जोडले, बॉक्स १२ टक्के कमी सांगेल असा लावला. गाडी सुटली! ६.६ सेकंद. डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावलेल्या साध्या गेजवर १.२५ बार, मूळच्या एकच्या जागी (हा गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचं प्रेशर दाखवतो). दिवसभर मी घरात सगळ्यांना आकडे सांगत फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी लॉग नीट वाचला.

इंधनाची दुरुस्ती अधिक ११ टक्क्यांवर. म्हणजे ईसीयू खोट्या प्रेशरवरून हवा मोजतोय, इंधन कमी सोडतोय, आणि लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) मागून धावत जाऊन भरून काढतोय. हे एक वेळ चाललं असतं. इग्निशनचं चालणार नव्हतं. ईसीयूला वाटतंय भार हलका आहे, म्हणून तो ठिणगी लवकर टाकतोय. खरा भार जड, त्यामुळे नॉक. तिसऱ्या सिलिंडरचं इग्निशन सहा अंश मागे ओढलेलं दिसलं. कानाला काही ऐकू आलं नव्हतं. साधारण ८० मिलीमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये नॉकची फ्रिक्वेन्सी ७ किलोहर्ट्झच्या आसपास असते. काच वर, पंखा चालू, गाणी चालू, आणि आत पिस्टनवर हातोडा.

यापेक्षा वाईट गोष्ट लॉगमध्ये दिसतच नाही. या गाडीत टर्बोचे फेरे मोजणारा सेन्सर नाही. एक्झॉस्टचं तापमान मोजणाराही नाही. दोन्हींचा ईसीयू हिशेब मांडतो, आणि त्या हिशेबात प्रेशर हाच मोठा आकडा. तो आकडा मी खोटा केला होता. पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि त्यालाच राखण करायला सांगायचं, असा प्रकार. बॉक्स काढला आणि निम्म्या किमतीत विकला. घेणाऱ्याला लॉग दाखवूनच विकला, त्याने तरी घेतला.

१ सप्टेंबर

गाडी पुन्हा मूळ अवस्थेत. दुसऱ्याच कामासाठी डोंगरात जायचं होतं, लॉगर चालू राहिला म्हणून हे सापडलं. नाहीतर अजूनही मी "जागा आहे!" म्हणत बसलो असतो.

वर, १५०० मीटरच्या आसपास, पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये तेच २.० बार. गाडीचा दम जराही कमी झालेला नव्हता. पण वेस्टगेट जवळपास बंद. खाली जो वळसा घालून जाणारा जोर मी मोकळी जागा समजत होतो, तो इथे सगळा टर्बोवर लागला होता.

घरी येऊन कागदावर भागाकार केले. समुद्रसपाटीला बाहेरची हवा १.०१ बार, तिचे २.० करायचे तर टर्बोने हवा १.९८ पट दाबायची. १५०० मीटरवर बाहेर ०.८४५ बार, तिथे तेच २.० हवे असतील तर २.३७ पट. आणि माझ्या बेतात समुद्रसपाटीला हवे होते २.४ बार, म्हणजे २.३८ पट.

दोन आकडे शेजारी लिहून बराच वेळ बघत बसलो. माझं खालचं स्वप्न म्हणजे या टर्बोचं वरचं रोजचं काम होतं. आणि माझे २.४ बार घेऊन मी डोंगरात गेलो तर? २.८४ पट. ३० अंशांची हवा १.९८ पट दाबली की कॉम्प्रेसरमधून साधारण १२० अंशांवर बाहेर पडते. २.८४ पटीला १९० च्या घरात. एवढासा टर्बो तिथे हवा कमी आणि उष्णता जास्त देणार, शिवाय फेरे मर्यादेपलीकडे.

म्हणजे जागा होती, पण रिकामी नव्हती. ती डोंगरात राहणाऱ्याच्या नावावर लिहिलेली होती. गाडी एकच, ईसीयूचा नकाशा (आतल्या आकड्यांची टेबलं) एकच, आणि ती कोण कुठे नेईल हे कंपनीला माहीत नाही. कोणी कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरेल, कोणी ४५ अंशांच्या उन्हात मागे ट्रेलर जोडेल, कोणी दीड लाख किलोमीटरला तोच एअर फिल्टर ठेवेल. माझ्या वाट्याला मी फक्त एकटा होतो आणि चांगलं पेट्रोल भरत होतो, म्हणून मला सगळं मोकळं दिसत होतं.

बेत खाली आणला: १७५ पीएस. डोंगरात बूस्ट आपोआप कमी होईल अशी सोय ठेवून.

१४ सप्टेंबर

ईसीयू रिमॅप, म्हणजे तो नकाशा नव्याने लिहिणं. ओबीडीतून वाचता येत नाही, लॉक आहे. काढून टेबलावर उघडावा लागला. नव्या गाड्यांत हे आणखी अवघड: सॉफ्टवेअरवर डिजिटल सही असते, आणि युरोपात २०२२ च्या जुलैपासून नव्या मॉडेलांना व २०२४ च्या जुलैपासून सगळ्याच नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचे नियम लागू आहेत. पुढे हा छंद याच दारात अडणार असं मला वाटतं, टर्बोत नाही.

लिहिताना ८० टक्क्यांवर व्होल्टेज पडलं. मी साध्या चार्जरवर काम करत होतो. ईसीयू मेला. बूट मोडमधून परत उठवायला एका जाणकाराकडे पाठवला, तीन आठवडे गाडी स्टँडवर. खर्च: अख्ख्या वर्षाच्या सर्व्हिसिंगएवढा. १३.५ व्होल्ट स्थिर देणारा पॉवर सप्लाय त्याच्या पाव किमतीत आला असता.

६ ऑक्टोबर ते १५ ऑक्टोबर

नऊ संध्याकाळी गेल्या. हा भाग सविस्तर लिहितो, कारण खऱ्या कामाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

बूस्टचं टार्गेट वाढवलं. गाडीत काही फरक नाही. आणखी वाढवलं. काही नाही. जुन्या गाडीत बूस्टचं टेबल म्हणजे राजा. इथे तो हुकमाचा ताबेदार आहे. पाय किती दाबला यावरून ईसीयू आधी टॉर्क ठरवतो. त्या टॉर्कला किती हवा लागेल ते काढतो. त्या हवेला किती प्रेशर लागेल ते काढतो, आणि मग वेस्टगेट हलवतो. मी रांगेच्या शेवटच्या माणसाशी भांडत होतो.

मग वरून सुरुवात केली. पायाची मागणी वाढवली, तर पुढच्या मर्यादेला आदळली: इंजिनाचा कमाल टॉर्क. तो सोडवला, तर प्रत्येक गिअरचा वेगळा टॉर्क. मग हवेच्या भराची मर्यादा. मग कॉम्प्रेसरने किती पट दाबायचं याची मर्यादा, जी बाहेरच्या प्रेशरनुसार बदलते. (१ सप्टेंबरची माझी सगळी आकडेमोड कोणीतरी आधीच या टेबलात लिहून ठेवली होती. हसू आलं.) मग एक्झॉस्टच्या तापमानाची.

एकेक टेबल उघडताना सवय लागली की आधी विचारायचं, हे कशासाठी? पहिल्या गिअरचा टॉर्क कमी का? ड्राइव्ह शाफ्टसाठी. १८०० आरपीएमखाली भार का कापलाय? त्याचं उत्तर पुढे २ नोव्हेंबरला. प्रत्येक टेबलामागे कुठेतरी टेस्ट बेंचवर मोडलेला एक तुकडा आहे.

कॉम्प्रेसरची आणि तापमानाची टेबलं हात न लावता सोडली. बाकीची वाढवली. गाडी जोरात निघाली आणि ४००० आरपीएमला थ्रॉटल खाडकन बंद. पाय जमिनीला, गाडी थंड. तीन संध्याकाळी या एका गोष्टीत गेल्या. ईसीयूमध्ये मूळ हिशेबाच्या शेजारी दुसरा स्वतंत्र हिशेब चालतो: ड्रायव्हरने मागितल्यापेक्षा इंजिन जास्त जोर तर देत नाहीये ना? दिला तर थ्रॉटल बंद. मला वाटलं ही ट्यूनिंगवाल्यांसाठी लावलेली सापळ्याची कडी. तसं नाही. पेडल आणि थ्रॉटल यांच्यात आता केबल नाही, वायर आहे, आणि वायर बिघडून गाडी आपोआप धावू नये म्हणून हा पहारा आहे. काही जण तो सरळ बंद करून टाकतात. कृपा करून करू नका. त्याची टेबलं नव्या आकड्यांशी जुळवली की तो गप्प बसतो.

१९ ऑक्टोबर

६.१ सेकंद! आणि संध्याकाळी चौथ्या गिअरमध्ये २२०० आरपीएमला पाय दाबला तर काटा वर, वेग तिथेच. क्लच घसरतोय.

मेस्त्रींना दाखवली. त्यांनी आयुष्य गिअरबॉक्स उघडण्यात घालवलंय. म्हणाले, "किती टॉर्क केलात?"

"तीनशे वीस."

"कंपनीने कितीची प्लेट दिली होती?"

मला माहीत नव्हतं. विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"तुम्ही इंजिनाला विचारलंत, चालेल का? ते हो म्हणालं. मागच्यांना कोणी विचारायचं?"

मेस्त्रींचं म्हणणं गिअरबॉक्सच्या जगात अगदी उघड आहे. फोक्सवॅगनचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला, आणि त्याला जोडलेल्या कित्येक इंजिनांचा टॉर्क नेमका २५०. सपाट रेघ इंजिनाची नसते, बऱ्याचदा मागच्या डब्याची असते.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग नवीन, मूळच्याच क्षमतेचं. फ्लायव्हील वाचलं. खर्च: आतापर्यंतच्या सगळ्या खर्चाएवढा आणखी. वेळ: दोन दिवस त्यांचे, एक आठवडा माझ्या तोंड लपवण्याचा.

२ नोव्हेंबर

टॉर्क २८५ वर आणला, तोही २६०० आरपीएमच्या वरच. त्याखाली मूळचे २५०, एक न्यूटन-मीटरही जास्त नाही.

क्लचसाठी, आणि त्याहून जास्त एलएसपीआयसाठी. छोटं डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिन कमी आरपीएमला जड भारावर असलं की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. साध्या नॉकसारखं नाही हे. इग्निशन मागे ओढून थांबत नाही, कारण पेटवणारी ठिणगी नाहीच. पिस्टनच्या रिंगमधली कड एका दणक्यात तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हे वाढतं असं दिसल्यावर ऑइलची मानकं बदलली: २०१८ ला एपीआय एसएन प्लस, २०२० ला एसपी. मी कुठलं ऑइल भरलं होतं? डब्यावर नुसतं एसएन. त्याच दिवशी बदललं.

आणि कंपनीला कसं कळणार की ६२,००० व्या किलोमीटरला मी कुठलं ऑइल ओतलंय? टर्बो पेट्रोल गाडीची गोष्ट सुरू झाली तीच इथून. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरला कॉम्प्रेशन १०.२५ ला १ असं चढं ठेवलं होतं, आणि नॉक टाळायला पाणी व मेथॅनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली होती. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःच बूस्ट कापायची. लोक टाकी भरायलाच विसरायचे. १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. मालक पुस्तक वाचणार नाही, हे गृहीत धरूनच त्यानंतरचा प्रत्येक फॅक्टरी टर्बो बनत आला असावा, असा माझा अंदाज. माझ्याकडे बघून तरी तो बरोबर वाटतो.

९ नोव्हेंबर

लागोपाठ तीन फेरे: ६.३, ६.८, ७.४ सेकंद. तिसरा फेरा मूळ गाडीपेक्षा हळू! आत येणारी हवा ३१ अंशांवरून ६८ वर, आणि ईसीयू सगळं मागे ओढतोय.

उपाय सोपा वाटला: मोठा इंटरकूलर. बंपर काढला, इंटरकूलर तिथे नाहीच. तो इनटेक मॅनिफोल्डच्या आत बसवलाय, पाण्यावर चालणारा. हवेचा रस्ता आखूड, म्हणून पाय दाबताच पिकअप. पण बदलायला जागा शून्य. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचंही तेच: इंजिनाच्या हेडमध्येच ओतलेला, टर्बो थेट हेडला बोल्ट केलेला. कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा डबा) लवकर गरम होतो, थंड इंजिनाचा धूर कमी होतो, वजन वाचतं. मोठा टर्बो लावायचा तर आधी त्याच आकाराची फ्लॅन्ज शोधा. इथे कोणी कुलूप लावलेलं नाही. भिंतच बांधली आहे, आणि ती आमच्यासाठी बांधलेली नाही.

पुढच्या छोट्या रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे गच्च बसले होते. ते धुतले, इंटरकूलरच्या सर्किटमधलं कूलंट बदलून हवा काढली. तिसरा फेरा ६.८ वर आला. खर्च जवळजवळ नाहीच. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

२३ नोव्हेंबर

वरच्या आरपीएमला एरर कोड पी ००८७, म्हणजे इंधनाचं प्रेशर कमी. ५६०० ला रेलमध्ये २०० बार हवेत, मिळतात १६२. कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप संपला.

इथे एक चूक केली ती सांगतो. प्रेशर कमी पडतंय तर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवू, म्हटलं. पोर्ट इंजेक्शनमध्ये (इंधन सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत सोडतात तिथे) हे चालतं. ६००० आरपीएमला पूर्ण चक्राचे २० मिलीसेकंद हाताशी असतात, बंद व्हॉल्व्हच्या मागेही इंधन सोडता येतं. डायरेक्ट इंजेक्शनला चक्राचा छोटाच तुकडा मिळतो, २४० अंश धरले तर ६.७ मिलीसेकंद. मी वेळ वाढवला आणि इंधन उशिरा, पिस्टन वर येत असताना पडायला लागलं. सायलेन्सरच्या तोंडावर काजळी. डिपस्टिकला पेट्रोलचा वास. ऑइल पुन्हा बदललं, तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा.

मोठा पंप मिळतो, पण मग इंजेक्टर, मग टर्बो. त्या रस्त्याला लागायचं नव्हतं. ५००० च्या वरची मागणी कापली.

३० नोव्हेंबर

डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) १७२ पीएस, २८५ न्यूटन-मीटर.

१४ डिसेंबर

पावसाळी दिवस. याच इंजिनाच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीची पार्ट लिस्ट काढून आमच्याशी ताडून बघितली. पिस्टन वेगळे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वेगळे, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो, क्लच, रेडिएटर वेगळे. गोल्फ जीटीआय आणि गोल्फ आर यांचंही असंच आहे. सातव्या पिढीत दोघांचं इंजिन २ लिटरचं, एकाच घराण्यातलं, पण एकीला आयएस२० टर्बो, दुसरीला आयएस३८, आणि दुसरीचे पिस्टन, व्हॉल्व्ह, इंजेक्टर बदललेले.

मग कमी ताकदीच्या आवृत्तीची लिस्ट काढली. तिच्यात आणि माझ्यात फरक सापडला तो बहुतेक ईसीयूच्या नंबराचा. म्हणजे माझी ऑगस्टमधली समजूत अगदीच खोटी नव्हती. खाली कुलूप विकतात, वर लोखंड विकतात. मी नेमका दोन्हींच्या मध्ये उभा होतो आणि वरच्या दाराला खालची किल्ली लावत होतो.

हिशेब (२१ डिसेंबरपर्यंत)

वेळ: १४० तासांच्या आसपास, त्यातले निम्मे मेलेला ईसीयू आणि ट्यूनिंग बॉक्स यांत. पैसे: क्लच सगळ्यात मोठा, त्याखालोखाल ईसीयू उठवणं. दोन्ही टाळता आले असते. हाती आलेले: २२ पीएस. विमा कंपनीला बदल कळवला, हप्ता वाढला. एमिशनच्या तपासणीत गाडी पास झाली, पण कॅटॅलिस्ट आणि सगळे सेन्सर जागेवर ठेवले होते म्हणूनच. कागदोपत्री गाडी आता मंजूर झालेली मूळ गाडी राहिलेली नाही, आणि नियम जिथे कडक आहेत तिथे एवढंही चालत नाही.

११ जानेवारी

६८,४०० किमी. प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरचा इन्सुलेटर बाकीच्यांपेक्षा किंचित फिका, पण ठिपके नाहीत, कड शाबूत. ऑइल फिल्टर कापून उलगडला, धातूची चकाकी नाही. पेट्रोलचा वास गेलाय. क्लच पकडून आहे.

हे सगळे आकडे थंडीतले आहेत. चाळीस अंशांच्या दुपारचे लॉग अजून नाहीत, ते मे महिन्यात. तोवर तिसऱ्या सिलिंडरच्या नॉकवर लक्ष. तीन अंशांपेक्षा जास्त मागे गेलं तर २८५ चे २७० करणार.